रायरांनी राखलेलं दार

त्यांच्या घरी जाऊन कोणी "रायर आहेत का?" असं विचारलं, तर दार उघडणारा माणूस म्हणायचा, "बसा, पाहून येतों." मग तो आत जायचा. पाच मिनिटांनी अंगात सदरा घालून, कपाळाला गंध लावून तोच माणूस बाहेर यायचा आणि म्हणायचा, "आहेत. बोला."

दार उघडणारे रायर आणि बोलणारेही रायरच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मी उठून निघालेच होते. पण त्यांच्या बायकोने कॉफीचा डबरा, म्हणजे तिकडची पसरट पितळी वाटी, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "रागावूं नका हो. मजशीं सुद्धा असेंच करितात. भाजी काय करूं म्हणून विचारलं तर आत जाऊन येतात."

रायर म्हणजे त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडच्या आमच्या मराठी लोकांना तिथले तमिळ लोक रायर म्हणतात, म्हणून पेढीत सगळे त्यांना तेच म्हणायचे. घराणं तंजावरच्या मराठे राजांच्या वेळेस आलेलं. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की ऐकताना मला पणजोबांच्या पत्रातला मजकूर कोणी मोठ्याने वाचतोय असं वाटायचं. मी मूळची सोलापूरची. नवऱ्याची बँकेतली बदली कुंभकोणमला झाली, तेव्हा मराठी बोलणारं कोणी भेटलं या आनंदात मी त्यांच्याशी तासभर बडबडले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची मराठी बरी आहे, बाई. थोडी बिघडली आहे, पण बोलतां बोलतां सुधारेल."

पेढी रेशमी साड्यांची. एक दुकान तिरुभुवनमला विणकरांच्या गल्लीत, एक स्वामीमलैच्या देवळाखाली, आणि मुख्य कचेरी कुंभकोणमात. कचेरीच्या दारापुढे लांब ओटा होता, त्याच्या एका टोकाला लाकडी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर रायर. तीस-एकतीस वर्षं. बाहेरच्या माणसाने थेट आत जायचं नाही, ही पेढीची रीत. आलेल्याने काय हवं ते रायरांना सांगायचं. रायर चपला बदलून आत जायचे (बाहेरची जोडी वेगळी, आतली वेगळी), योग्य माणसाला विचारायचे, परत चपला बदलून बाहेर यायचे आणि उत्तर द्यायचे. उत्तर कोणी दिलं हे कधीही सांगायचे नाहीत. "आतून सांगितलं," एवढंच. कोणी खोदून विचारलं, "आतून म्हणजे कोणी?" तर म्हणायचे, "आतून म्हणजे आतून."

त्यांचे चष्मेही दोन होते. एक बाहेरच्या लोकांकडे पाहायचा, एक आतल्या. नंबर दोन्हींचा एकच. मी विचारलं, मग दोन कशाला? म्हणाले, "बाहेरचें पाहिलेलें आत नेऊं नये."

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. पेढीच्या धाकट्या मालकांनी बंगलोरहून तीन कॉम्प्युटर आणून ठेवले होते. एकावर सगळ्यांचं टपाल, म्हणजे ई-मेल. दुसऱ्यावर सगळ्यांनी मिळून वापरायची डायरी: कोण कधी कोणाला भेटणार, माल पाहायला कोण कधी येणार. तिसऱ्यावर नक्ष्यांचा फळा, ज्याच्यावर साडीच्या काठाचं चित्र लावायचं आणि प्रत्येक दुकानाने खाली आपलं मत लिहायचं. दुकानांतून मोडेमवर फोन लावून हे सगळं उघडायचं. फक्त तिन्ही मशिनचे पत्ते वेगळे, आकड्यांचे, टिंबं-टिंबं असलेले. तिरुभुवनमचे मॅनेजर टपाल उघडायला जायचे आणि काठाच्या चित्राखाली "आपला आज्ञाधारक" लिहून यायचे.

त्यासाठी मला नोकरीवर घेतलं. काम असं की पुढे एकच वेब सर्व्हर बसवायचा. बाहेरच्याने फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवायचा. टपाल मागितलं तर तो सर्व्हर स्वतः टपालाच्या मशिनकडे जाईल, उत्तर घेऊन येईल आणि आपल्याच नावाने देईल. मागे किती मशिनं आहेत, कुठलं कुठे आहे, हे बाहेरच्याला कळायचं कारणच नाही. याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात.

हे मी थोरल्या मालकांना अर्धा तास समजावलं. त्यांना कळलं नाही. धाकट्यांना कळलं असं ते म्हणाले. रायर दाराशी उभे होते, दोन्ही चष्मे हातात घेऊन. ते म्हणाले, "म्हणजे मीच कीं."

धाकटे एकदम समोरचे कागद चाळायला लागले. कारण धाकट्यांनी मला आदल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: सर्व्हर बसला आणि मालकांपर्यंत तक्रार न जाता एक महिना चालला की दारावरची खुर्ची काढायची आणि रायरांना घरी बसवायचं. हे गुपित होतं. कुंभकोणमात गुपित म्हणजे काय, तर कॉफी येईपर्यंत ओट्यावर पोचलेलं असतं. रायरांनाही ते ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही.

मला वाटलं होतं, ते माझ्याशी बोलणं टाकतील. कसलं काय. दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन बसायला लागले. आतला चष्मा लावून. मी सर्व्हरच्या फाइलीत एकेक ओळ लिहायची, अमुक वाट मागितली तर तमुक मशिनकडे जा, आणि ते विचारायचे, "विचारणारा कोण हें मागल्या मशिनीस सांगतां कां?" मी म्हणायचे, सांगता येतं. ते म्हणायचे, "सांगावें. कोणाचें काम तें आतल्यास कळलें पाहिजे. आत कोण हें मात्र बाहेर कळूं नये." खोटं कशाला सांगू, पुस्तकात जे मला चार वेळा वाचून कळलं नव्हतं, ते या माणसाने ताक-भात खाता खाता सांगितलं.

एकदा मी त्यांना म्हटलं, तेच तेच कोणी पुन्हा मागितलं तर सर्व्हर दर वेळी आत जात नाही, मागचं उत्तर स्वतःजवळ ठेवून तेच देतो. रायरांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. रुद्राक्ष काठ आला का, नाही. गुरुवारी दुकान उघडं का, होय. रोज विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. "म्हणून मी दर वेळीं चपला बदलीत नाहीं," ते म्हणाले. पण चिठ्ठी शिळी झाली तर, मी विचारलं. त्यांचा चेहरा पडला. एकदा सकाळच्या चिठ्ठीवरून त्यांनी संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना सांगितलं होतं, थोरले मालक अंघोळीला गेले आहेत. थोरले मालक त्याच वेळी पाहुण्यांच्या मागे उभे होते. रायरांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "आतून असेंच सांगितलें आहे."

सर्व्हर बसला. मॅनेजरांचं "आज्ञाधारक" टपाल टपालातच जायला लागलं. रोज पाच वाजता सगळ्याची एक नक्कल आपोआप निघावी म्हणून मी ठरल्या वेळी काम करणारी एक सोय लावली. रायरांनी तीही शिकून घेतली. पासवर्ड त्यांच्याकडे होताच. पेढीच्या सगळ्या किल्ल्या रायरांच्या वहीत नोंदवायच्या ही रीत, आणि पासवर्ड म्हणजे किल्लीच, असं थोरल्यांनी ठरवून टाकलं होतं. मी वाद घातला होता. माझं कोणी ऐकलं नाही.

महिना मोजायला सुरुवात झाली आणि चौथ्या दिवशी मुंबईच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. "बाई, तुमची डायरी झोपते का हो दुपारची?" मी पाहिलं तर डायरी ठणठणीत. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता पुन्हा फोन. पुन्हा पाहिलं, ठणठणीत. तिसऱ्या दिवशी दीडला. टपाल चालतं, फळा चालतो, डायरी तेवढी बंद. दीड तासाने आपोआप चालू.

माझी झोप उडाली. मी केबल बदलली. मोडेम बदलला. टेलिफोनवाल्यांशी भांडले. डायरीच्या मशिनवर पाल चढते का हे पाहायला तासभर स्टुलावर बसून राहिले. नवरा म्हणाला, "व्होल्टेज असेल." बँकेतल्या माणसाला सगळीकडे व्होल्टेजच दिसतं. तिरुभुवनम आणि स्वामीमलैला विचारलं, तुमच्याकडे डायरी बंद पडते का? ते म्हणाले, पडते की. मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, यात सांगण्यासारखं काय आहे? मला वाटलं, हे लोक माझ्यावर हसतायत.

मी बंद पडण्याच्या वेळा टिपून ठेवायला लागले. हाताशी कागद म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची रोज फाडलेली पानं. त्यांच्या पुढच्या बाजूला तमिळमध्ये काय काय बारीक छापलेलं असायचं. मला तमिळ वाचता येत नव्हतं. मागच्या कोऱ्या बाजूला मी वार आणि इंग्रजी आकड्यांत वेळ लिहायचे. मंगळवार तीन ते साडेचार. बुधवार बारा ते दीड. गुरुवार दीड ते तीन. शुक्रवार साडेदहा ते बारा. शनिवार नऊ ते साडेदहा. सगळी पानं, लिहिलेली बाजू वर करून, भिंतीला टाचण्यांनी लावली आणि समोर बसून राहिले. काही सूत्र लागतंय का? काही नाही. डोकं फुटायची वेळ आली.

कॉफी देणारी आक्का आत आली. कॉफी ठेवली, भिंतीकडे पाहिलं, एक पान टाचणीतून काढून उलटं केलं, सरळ केलं, परत उलटं केलं. मग माझ्याकडे काळजीने पाहत, मला कळेल अशा सोप्या तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, पुढं छापलेलंच मागं कशाला लिहिलंत?"

तिने पुढच्या छापील ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: राहुकाळ, तीन ते साडेचार.

सगळी पानं उलटी केली. प्रत्येकावर तेच. दोन आठवडे मी राहुकाळाच्या पाठीवर राहुकाळ लिहीत होते. दिवसाचा तो दीड तास अशुभ, त्यात नवं काम काढायचं नाही, भेट ठरवायची नाही, हे त्या गावात शेंबडं पोरही जाणतं. म्हणून कोणी तक्रार केली नव्हती. त्यांना वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईंनी मशीन आणलंय, ते राहुकाळ पाळणारच.

सर्व्हर उघडला. तिथे एक नवी फाइल होती, सुबक, एकही चूक नसलेली. ठरल्या वेळी डायरीची वाट बंद व्हायची आणि तिच्या जागी एक पान यायचं: "कृपया बसावें. कॉफी येत आहे. वेळ होतांच आत घेऊं." मी आतून थेट मशिनवर तपासत होते, सर्व्हरच्या दारातून येतच नव्हते, म्हणून मला ते पान कधी दिसलंच नव्हतं. मुंबईकर फोनवर "थांबा म्हणतेय" म्हणायचे, ते मला मोडेमबद्दल वाटलं होतं.

मी तरातरा ओट्यावर गेले. म्हटलं, "रायरांनी माझ्या सर्व्हरमध्ये हात घातला का?"

"बसा," ते म्हणाले. "विचारून येतों."

चपला बदलल्या, आत गेले. मी ओट्यावर फेऱ्या घातल्या. दोन मिनिटांनी आले, चपला बदलल्या, चष्मा बदलला. "होय. घातला."

मग मात्र माझा तोल गेला. नको ते बोलले. महिना पुरा होऊ नये म्हणून तुम्ही हे केलंत, म्हटलं. खुर्ची राहावी म्हणून माझी नोकरी घालवायला निघालात. ओट्यावर चार माणसं बसली होती, त्यांना मराठी कळत नव्हती, पण सूर कळत होता.

रायरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पहिल्यांदाच असं झालं की त्यांनी एकही चष्मा लावला नव्हता. मग म्हणाले, "बाई, मज राहावयाचें असतें तर कांहीं न करितां राहिलों असतों. तुमची मशीन उघडीच होती. कोणी कधींही यावें, कसल्याही वेळीं भेट ठरवावी. पहिल्या महिन्यांत एक सौदा फिसकटला असता कीं थोरल्यांनी ती उचलून बाहेर ठेविली असती. ती टिकावी म्हणून शिकविलें. मी जाणार तर दार कोणास तरी नीट सोंपून जावें ना?"

हा माणूस आपल्या जागी येणाऱ्याला काम शिकवत होता. नव्या माणसाला हाताशी धरून शिकवावं तसं, मन लावून. आणि मी त्यांना चोर ठरवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या समोरच्या बाकावर, बाहेरच्या लोकांत, मटकन बसले.

"मुंबईकरांस राहुकाळ नाहीं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अरेरे," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "मग त्यांस सोडा. ज्याची रीत त्याला."

दोन ओळींचं काम होतं. मी ते तीन दिवस केलं नाही. केलं की महिना सुरळीत जाणार, आणि खुर्ची निघणार. शेवटी रायर स्वतःच येऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले, तेव्हा केलं.

महिना संपला. दोन्ही मालकांपुढे बैठक झाली. मी मनात ठरवून गेले होते, या माणसाला इथून हलू द्यायचं नाही. म्हटलं, सर्व्हर उत्तम चालतो, पण नियम कोण सांभाळणार? राहुकाळ झाला, अमावास्या आहे, विणकरांचे सण आहेत, मुंबईच्या सुट्ट्या वेगळ्या. हे सगळं ज्याला ठाऊक आहे असा माणूस रोज लागेल. मी थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी रायरांकडे पाहिलं. धाकटेही वरमल्यासारखे झाले. जमलं, असं मला वाटलं.

"माणूस कशास?" रायर दारातून म्हणाले. "मी अस्के लिहून देतों. आठ दिवस पुरे." अस्के म्हणजे त्यांच्या मराठीत सगळं.

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी आतला चष्मा पुसला. खोटी गरज दाखवून बसायचं हे त्यांच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. मला त्यांचा तेव्हा जेवढा राग आला, तेवढा कोणाचाच कधी आला नाही, आणि तो अजून गेलेला नाही.

आठ दिवसांनी वही आली. तारखा, वार, सण, कोणाला कधी बसवायचं, कोणाला कधी सोडायचं. थोरल्यांस जेवणानंतर आकड्यांचें कांहीं विचारूं नये. स्वामीमलैच्या मॅनेजरांनी "तांतडीचें" म्हटलें तर दुसऱ्या दिवशीं विचारावें. मी एकेक नियम सर्व्हरला शिकवला. एकच राहिला: "रडत आलेल्यास कधींही थांबवूं नये." हा कसा बसवायचा, मी विचारलं. ते म्हणाले, "असूं दे लिहिलेला." मी तो फाइलीत तसाच लिहून ठेवला, सर्व्हर वाचत नाही अशा ओळीत.

रायर सोमवारी गेले. हार झाला, कॉफी झाली, खुर्ची माडीवर गेली. ते चपलांचे दोन्ही जोड पिशवीत घालून निघाले आणि मी सबंध आठवडा कोणाशी धड बोलले नाही.

शुक्रवारी दुपारी एक वाजता ते ओट्यावर दिसले. इस्त्रीचा सदरा, बाहेरच्या लोकांच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. मी धावत बाहेर गेले. म्हटलं, इथे काय बसलात, आत या.

"सकाळीं बसने तिरुभुवनमला गेलों होतों," ते म्हणाले. "साडेदहा वाजतां मॅनेजरांस म्हटलें, डायरी उघडा, मज कुंभकोणमांत बाईंची वेळ पाहिजे. त्यांनी उघडिली. पान आलें. कृपया बसावें."

"मग?"

"मी म्हटलें, अहो मी रायर. ते म्हणाले, आम्हांस ठाऊक, मशिनीस कोण सांगणार? बसलों. कॉफी प्यालों. दीड तास बसविलें, बाई. बारा वाजतां सोडलें, एक मिनिट आधीं नाहीं." त्यांचा चेहरा असा उजळला होता की एकतीस वर्षांत तो तसा कोणी पाहिला नसेल. "मज सुद्धां सोडलें नाहीं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. विचारलं, "आणि माझ्याकडे काम काय होतं?"

"काम कांहीं नाहीं," रायर म्हणाले. "वेळ मिळाली, म्हणून आलों."